आत्मविश्वास आधी की पकड आधी?

बोंडावरून: परवा इथे एका ताईंनी लिहिलं, ‘मनाने ठरवलं की शरीर साथ देतंच, माझी मुलगी मल्लखांबात मागे पडते ती विश्वास नसल्याने.’ वाचून राहवलं नाही. बावीस वर्षं पोरं शिकवतोय. बोंडावर, म्हणजे खांबाच्या वरच्या टोकावर, उभं राहायला घाबरणाऱ्याला ‘तुला जमेल’ म्हणून काही होत नाही. मांड्यांची पकड यावी लागते. एरंडेल लावलेल्या खांबावर दोनशे तेढ्या (मल्लखांबाची पायाभूत कसरत) झाल्या की भीती आपसूक सरते.

कागलकर: अर्धंच खरं, सर. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या रायफल नेमबाजीच्या अंतिम फेरीत आमचा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे गुडघ्यावरच्या नेमबाजीनंतर सहावा होता, झोपून मारल्यावर पाचवा. उभ्याने मारताना बंदूक सर्वांत जास्त डोलते, तिथे तो तिसऱ्यावर आला. ४५१.४ गुण, कांस्य. सराव तर आठही जणांचा होता!

बोंडावरून: २०१२ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळून तो पहिल्या ऑलिंपिकला पोचला. तो विश्वास त्या १२ वर्षांनी दिलाय. मानसशास्त्रज्ञ बांडुरानेही १९७७ मध्ये हेच मांडलं, स्वतः करून जमल्याचा अनुभव सगळ्यांत मोठा.

सईचीआई: ती ताई मीच. सर, माझी सई सरावात दसरंग ही कसरत दहापैकी नऊदा स्वच्छ काढते. पंच समोर बसले की तळवे घामेजतात, भुकटी चोळून चोळून पांढरे होतात, आणि पहिल्याच पकडीत घसरते. तेढ्या दोनशे नाही, हजार झाल्यात तिच्या.

नंदू_पुणे: विश्वासाचं राहू द्या, गादीचं बोला! आमच्या शाळेतली गादी उसवून काथ्या बाहेर आलाय. पोरगा फरारा नावाच्या कसरतीवरून उतरताना काठावर आदळला, मनगट मोडलं. चार महिने झाले, खांबाजवळ जात नाही. विचारलं तर उत्तर, ‘निधी आला की बघू.’

जुनीतालीम: आम्ही उकरलेल्या मातीवर शिकलो. गादीचे लाड करून पोरं नाजूक झाली.

नंदू_पुणे: तुमच्यातल्या किती जणांनी पडून खेळ सोडला, ते कुणी मोजलं? माझ्या पोराच्या हातात पट्टी आहे आणि तुम्ही लाड म्हणता!

जुनीतालीम: आवाज चढवू नका. माझाही खांदा निखळलाय.

कागलकर: मग तुम्हीच सांगा काका, खांदा बसल्यावर पहिली उडी कधी मारली?

जुनीतालीम: ...वर्षाने. वस्तादांनी खाली दोन सतरंज्या घातल्या तेव्हा.

बोंडावरून: बरं, हरलो म्हणा हवं तर. सईचं मला पटलं नव्हतं, पण पंचांसमोर गळपटणारी दोन पोरं माझ्याकडेही आहेत आणि मी त्यांना फक्त तेढ्या वाढवून दिल्या. ताई, रविवारी तिला घेऊन या. पाच पालक समोर खुर्च्यांवर बसवतो, गुण मोठ्याने वाचतो. गादी दुहेरी घालतो. तेढ्या मात्र दोनशेच.