मदत हवी आहे : एसटीपीला (प्रमाण तापमान आणि दाबाला) एक मोल (रेणू मोजायचं एकक) वायू २२.४ लिटर की २२.७?

नमस्कार. मी डिचोलीत अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राची शिकवणी घेते. चवथीच्या सुट्टीआधी चाचणीत एक गणित घातलं होतं : एसटीपीला ५.६ लिटर ऑक्सिजनचं वस्तुमान काढा. माझं उत्तर ८ ग्रॅम. एका मुलीने ७.८९ लिहिलं आणि मी फुली मारली. दुसऱ्या दिवशी ती ताईचं जुनं एनसीईआरटीचं पुस्तक घेऊन आली. त्यात सरळ छापलंय : २७३.१५ केल्विन, १ बार, २२.७ लिटर. तिचे गुण तिला दिले, वर्गासमोर चूक कबूल केली. पण त्या फुलीचं वाईट वाटतं अजून.

शोधल्यावर कळलं की आययूपॅकने (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) १९८२ मध्येच प्रमाण दाब १ अ‍ॅटमॉस्फिअरवरून १ बार केला. मी शिकले तेच मुळी २२.४! मुलांकडच्या गाईडांत आणि जुन्या प्रश्नसंचांत अजून तेच आहे. मग शिकवायचं काय? आणि काही मुलं एसटीपी म्हणजे २५ अंश सेल्सिअस धरतात, ते कुठून येतं?

उत्तर :
टीचर, मी वेर्ण्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. आमच्याकडे नुसतं 'प्रमाण स्थितीत' लिहिलेली नोंद परत येते; शून्य अंश, पंधरा की वीस, ते लिहावंच लागतं. तुम्हीही प्रश्नात तापमान आणि दाब आकड्यांत द्या.

१ अ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे १.०१३२५ बार. दाब तेवढा उतरला की आकारमान तेवढ्याच पटीने वाढतं : २२.४१४ गुणिले १.०१३२५, म्हणजे २२.७११. हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्या, दोन्ही आकडे कुठून आले ते त्यांना दिसेल. जुन्या प्रश्नसंचातलं गणित सोडवताना वर '१ अ‍ॅटमॉस्फिअर धरून' लिहायला लावा.

२५ अंश येतात ऊष्मारसायनाच्या (रासायनिक क्रियांतल्या उष्णतेच्या) तक्त्यांतून. ते बहुधा २९८.१५ केल्विनला दिलेले असतात, पण त्या तक्त्यांतल्या प्रमाण अवस्थेच्या (ही एसटीपी नव्हे) व्याख्येत दाब ठरलेला आहे, तापमान नाही. २५ अंश आणि १ बारला मोलचं आकारमान २४.८ लिटर होतं.

धागाकर्ती :
मनापासून आभार. उद्या तोच गुणाकार फळ्यावर घेते, आणि त्या मुलीलाच पुढे बोलावते.