घर आपलं, सातबारा आजोबांचा. पोर्टो रिकोत पण असंच?

श्रीवर्धनचा_बाबू:
मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, सांभाळून घ्या. माझा मावसभाऊ फ्लोरिडात असतो, त्याच्या ऑफिसात पोर्टो रिकोची (अमेरिकेच्याच ताब्यातलं बेट) एक बाई आहे, तिच्या आईचं घर २०१७ च्या मारिया वादळात गेलं आणि सरकारी मदत नाकारली, का तर घर मेलेल्या आजोबांच्या नावावर. हे ऐकलं आणि मला डायरेक्ट आमचं निसर्ग वादळ आठवलं. ३ जून २०२०. पडवीचे पत्रे शेजाऱ्याच्या वाडीत, सहा माड आडवे, माजघरावर कौल म्हणून राहिलं नाही, आणि पंचनाम्याला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न "उतारा कोणाच्या नावावर?" आजोबा १९९१ ला गेले, आता वारस सतरा. पैसे आले शेवटी पण किती खेटे मारले ते विचारू नका. तर अमेरिकेत सगळं कॉम्प्युटरवर ना, मग तिथे असं कसं? की लॅटिनो, म्हणजे तिकडच्या स्पॅनिशवाल्या लोकांत घर नावावर करायची पद्धतच नाही?

सॅन_अँटोनियोची_वहिनी:
पद्धत नाही असं नाही हो भावजी. मी गुहागरची, इथे टेक्सासला चौदा वर्षं झाली. पोर्टो रिकोचा वारसा कायदा जुन्या स्पॅनिश वळणाचा, सगळ्या मुलांना हिस्सा, आणि नावावर करायचं तर वकील, फी, हेलपाटे. मग कोण करतंय! बापाच्या जमिनीवर मुलगा स्वतःच्या हाताने खोली बांधतो, नातू वर स्लॅब टाकतो, वीजबिल येतं, झालं घर. मारियानंतर फेमाने (ती केंद्राची आपत्ती मदत संस्था) मालकीचा पुरावा मागितला आणि हजारो अर्ज तिथेच अडकले. पुढे वकिलांच्या संघटनांनी भांडून साध्या प्रतिज्ञापत्रावर काम होईल असं करून घेतलं, पण तोवर लोक निळ्या ताडपत्रीखाली राहत होते. २०२१ ला फेमाने वारसाच्या घरांसाठी नियमच सैल केले.
आणि इथे टेक्सासच्या बॉर्डरला तर वेगळीच गंमत. कोलोनिया म्हणतात, गावाबाहेर तुकडे पाडून विकलेली जमीन, पाणी नाही, गटार नाही. हप्ते तुम्ही भरायचे पण खरेदीखत शेवटच्या हप्त्यापर्यंत विकणाऱ्याकडेच असायचं. एखादा हप्ता चुकला की जमीन पण जायची आणि भरलेले पैसे पण. १९९५ च्या कायद्याने जरा चाप बसला. डाउन पेमेंटला मेक्सिकन बायका काय करतात माहितीये? तांदा! म्हणजे चक्क आपली भिशी. दहा जणी दर आठवड्याला शंभर डॉलर टाकतात, पाळीपाळीने उचलतात, एकही बुडवत नाही. पण बँकेच्या क्रेडिट स्कोअरला ही भिशी दिसतच नाही, तिला फक्त कार्ड दिसतं 😑 इथे गोऱ्यांत चारातली तीन कुटुंबं स्वतःच्या घरात, लॅटिनोंत निम्म्याला थोडी कमी.

डोंबिवलीचा_चाकरमानी:
वाचलं. पण तुलना नको. ती लोकं हप्ते भरून मरतात आणि घर मिळत नाही, आपल्याला फुकट मिळालंय तरी कुलूप लावून बसतो. आणि स्पष्टच बोलतो, मीच आमच्याकडचा घराच्या कागदावर सही न देणारा. चुलत्याने मागितली, नाही दिली. सही दिली की गणपतीला पाहुणा म्हणून उतरायचं का स्वतःच्याच घरात?

आबा_दापोली:
चाकरमानी, तुमची भीती समजते पण दोन गोष्टींचा घोळ होतोय. वारस नोंदीने तुमचा हक्क जात नाही, उलट नाव चढतं. जातो तो हक्कसोडपत्राने, आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं तरच. तेव्हा बाबू, आधी फक्त सतराच्या सतरा नावं चढवून घे, भांडण नंतर करा. आत्यांना वगळू नकोस, पोरींचा हिस्सा पोरांइतकाच. आणि गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा बघ, ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका पण निघेल. आपल्याकडे बरीच घरं वाडीत, म्हणजे सातबाराच.

श्रीवर्धनचा_बाबू:
आबा, वहिनी, थँक्यू. आमचं वाडीतच आहे. काल बडोद्याच्या काकांना फोन लावला, नाव चढवायला तयार आहेत, पण म्हणतात मागीलदारचा रायवळ आंबा माझ्या एकट्याचा राहील असं कुठेतरी लिहून घे. झाड कुठे चढवतात?

आबा_दापोली:
सातबाऱ्याच्या इतर हक्कात. पण तलाठ्याकडे जायच्या आधी तो आंबा निसर्गात पडला नाही ना, ते बघून घे 😄

श्रीवर्धनचा_बाबू:
पडला. काकांना अजून सांगितलं नाहीये.