जेनिफर जोन्सने कॅथीला वगळलं ते बरोबरच होतं

चहाबाज

कर्लिंगवर मराठीत धागा काढतोय म्हटल्यावर घरातून "वाचणार कोण?" असा आहेर मिळाला. तरी काढतोय.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण ४५ मीटर लांब बर्फाची पट्टी, १८-२० किलोचे ग्रॅनाइटचे दगड, पलीकडच्या टोकाला रंगीत वर्तुळं. त्यांना हाउस म्हणायचं आणि मधल्या ठिपक्याला बटन. दोन्ही संघांनी आठ-आठ दगड सोडले की एक एंड संपतो, असे दहा एंड. मधोमध ज्याचा दगड सर्वांत जवळ, गुण फक्त त्याला: समोरच्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आत जितके दगड, तितके गुण. त्यामुळे शेवटचा दगड हातात असणं म्हणजे सोनं. त्याला हॅमर म्हणतात. संघात चौघी. लीड, सेकंड, थर्ड आणि स्किप. स्किप ही कॅप्टन आणि बहुतेक संघांत शेवटचे दोन दगड तिचे. एकीने दगड सोडला की दोघी झाडूने त्याच्या पुढचा बर्फ घासत जातात.

आता जेनिफर जोन्स. विनिपेगची, व्यवसायाने वकील. कॅनडाची महिला राष्ट्रीय स्पर्धा सहा वेळा जिंकली (२००५, २००८, २००९, २०१०, २०१५, २०१८), जगज्जेतेपद दोनदा, आणि २०१४ला सोचीमध्ये ऑलिम्पिक सुवर्ण, तेही एकही सामना न हरता. अकरापैकी अकरा. महिलांमध्ये असं त्याआधी कोणी केलं नव्हतं.

तिचं नाव निघालं की सगळे २००५चा तो एक शॉट दाखवतात. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा शॉट बर्फावर मारलेलाच नाही. २०१०चा हंगाम संपला आणि तिच्या संघाने आपली थर्ड, कॅथी ओव्हरटन-क्लॅफम, हिला वगळलं. सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं जिंकलेल्या संघातून! तिच्या जागी २१ वर्षांची केटलिन लॉझ आली आणि चार वर्षांनी सोची झालं.

वाईट दिसतं, मान्य. पण निर्णय बरोबर होता. बोला.

वकीलीणबाई

असहमत. सणसणीत असहमत.

त्या २००५च्या शॉटला तुम्ही एका ओळीत उडवलंत, म्हणून आधी तोच सांगते. सेंट जॉन्समधली फायनल, समोर ऑन्टॅरिओची जेन हॅना. दहावा एंड, जोन्स ४-६ने मागे, हातात शेवटचा दगड. ऑन्टॅरिओचा दगड मधोमध, आणि तो असा झाकलेला की सरळ जाऊन उडवणं अशक्य. जोन्सने दगड सोडला तो लांब बाजूला, हाउसच्या बाहेर पडलेल्या ऑन्टॅरिओच्याच एका दगडावर. त्याला चाटून हिचा दगड आत वळला, मधल्या दगडाला ढकलून दिलं आणि स्वतः तिथेच बसला. चार गुण. ८-६. कॅरम खेळलेल्यांना लगेच कळेल: राणी झाकलेली आहे, म्हणून कडेच्या सोंगटीवर आपटून स्ट्रायकर राणीवर न्यायचा. फक्त स्ट्रायकर वीस किलोचा आणि बोर्ड ४५ मीटरचा.

आता प्रश्न. तो दगड येताना पलीकडे हाउसमध्ये झाडू धरून कोण उभं होतं? कॅथी. स्किप दगड सोडते तेव्हा ती निशाणा लावते थर्डच्या झाडूवर. दगड किती वळेल, त्या जागी बर्फ कसा आहे, झाडू दोन बोटं इकडे की तिकडे, हे थर्ड बघते. म्हणजे चौघींपैकी एक असं नाही हे. ते स्किपचे डोळे आहेत. पाच वर्षं ज्या डोळ्यांनी बघितलं ते काढून ठेवले.

फिरकी

वकीलीणबाई +१. त्या शॉटचं असं वर्णन आधी वाचलं नव्हतं. कॅरमचं उदाहरण ढापतोय.

रेडरिव्हर

विनिपेगहून लिहितोय. इथे आलो तेव्हा पहिले दोन हिवाळे कर्लिंग म्हणजे फरशी पुसण्याची स्पर्धा वाटायची. आता मंगळवारच्या लीगमध्ये खेळतो, म्हणून थोडा आगाऊपणा.

चहाबाज यांनी एक गोष्ट लिहिली नाही. डिसेंबर २००९ला एडमंटनमध्ये ऑलिम्पिकची चाचणी स्पर्धा झाली. तिथून एकच संघ व्हँकुव्हर ऑलिम्पिकला जाणार होता. लागोपाठ दोन वर्षं देश जिंकलेला जोन्सचा संघ तिथे साधा फायनललाही पोचला नाही. ऑलिम्पिकला शेरिल बर्नार्डचा संघ गेला. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत ह्याच चौघींनी पुन्हा राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, पण जागतिक स्पर्धेत २००९ला चौथ्या आणि २०१०ला तिसऱ्या. घरात राजा, बाहेर तिसरा-चौथा. अशा वेळी तुम्ही स्किप असाल तर काय कराल? २०१४ येईपर्यंत कॅथी ४४ची होणार होती.

वकीलीणबाई

@रेडरिव्हर, वयाचा मुद्दा जोन्सच्या बाजूने काढू नका, अंगाशी येईल. २०२२ला बीजिंग ऑलिम्पिकला गेली तेव्हा जोन्स स्वतः ४७ची होती. तिला नाही कोणी म्हटलं की बाई, एकवीस वर्षांची एक हुशार मुलगी आहे, जागा करा.

चहाबाज

स्किपचं वय वेगळं आणि बाकीच्यांचं वेगळं. स्किपला घासावं लागत नाही फारसं.

वकीलीणबाई

थर्डलाही स्किपच्या दगडांना घासावं लागत नाही, ती झाडू धरून उभी असते. आत्ताच सांगितलं ना वर.

फिरकी

चहाबाज, चहा गार झाला तुमचा.

आजोळ

मी या वादात थोडी मागे जाते. १९९८ला नागानो ऑलिम्पिकमध्ये महिलांचं कर्लिंग पहिल्यांदा पूर्ण पदकाचा खेळ म्हणून आलं आणि ते पहिलं सुवर्ण कॅनडाच्या सँड्रा श्मिर्लरच्या संघाने घेतलं. सॅस्कॅचेवान प्रांतातल्या चौघी: श्मिर्लर, जॅन बेटकर, जोन मक्कस्कर, मार्शिया गुडराइट. १९९३, १९९४, १९९७ अशी तीन जगज्जेतेपदं आणि मग ऑलिम्पिक, सगळं ह्याच चौघींनी. मध्ये नोकऱ्या, बाळंतपणं, सगळं झालं. कोणाला काढलं नाही. २००० साली श्मिर्लर कॅन्सरने गेली, ३६ वर्षांची होती. लोक आजही त्या संघाचं नाव चौघींचं म्हणून घेतात.

तेव्हा "वगळल्याशिवाय सुवर्ण मिळत नाही" हे खोटं आहे. एकदा मिळालेलं आहे.

रेडरिव्हर

आजोळताई, आदर आहेच, पण श्मिर्लरचा काळ वेगळा. ऑलिम्पिक आल्यामुळेच सगळं बदललं. आधी संघ म्हणजे एका गावच्या, एका क्लबच्या मैत्रिणी. नंतर सगळे चार वर्षांच्या हिशोबात बोलायला लागले. ऑलिम्पिक संपलं की वसंतात सगळ्या देशाची पत्त्यांसारखी पिसाई होते. पुरुषांत केव्हिन मार्टिनने २००६नंतर नव्या तिघांना घेऊन संघ बांधला आणि व्हँकुव्हरला सुवर्ण मिळवलं. त्याला कोणी निष्ठुर म्हटलं नाही, "दूरदृष्टी" म्हटलं. जोन्सने तेच केलं तर मैत्रिणीला दगा? पुरुषाने केलं की व्यवस्थापन आणि बाईने केलं की भांडण, हे मला पटत नाही.

आजोळ

हा मुद्दा बरोबर आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

वकीलीणबाई

माझ्याकडे आहे. मार्टिनचा आधीचा संघ ऑलिम्पिक संपल्यावर फुटला. इथे एकीला काढलं आणि तिघी राहिल्या, त्याच संघाच्या नावावर.

आणि पुढची गंमत ऐका. कॅनडात नियम असा, की गतविजेत्या संघाला पुढच्या वर्षी "टीम कॅनडा" म्हणून थेट प्रवेश, मेपलचं पान छातीवर. २०११ला शार्लटटाउनमध्ये ते पान जोन्सच्या संघाकडे होतं. ते मिळालं २०१०च्या विजेतेपदामुळे, जे कॅथीनेही जिंकून दिलं होतं. कॅथी मात्र नव्या संघाची स्किप होऊन मॅनिटोबाची (विनिपेगचा प्रांत) प्रांतिक स्पर्धा खालपासून खेळून, जिंकून आली. आणि साखळीत टीम कॅनडाला हरवलं! स्वतःच्याच विजेतेपदाला हरवलं म्हणा. जोन्स त्या वर्षी फायनल हरली, अँबर हॉलंडकडून, आणि कॅथीचा संघ काही प्ले-ऑफला गेला नाही. पण त्या एका सामन्यासाठी मी तो अख्खा आठवडा लक्षात ठेवीन.

फिरकी

अरे हे तर सिरियलपेक्षा भारी आहे. मी आतापर्यंत टाइमपास म्हणून वाचत होतो.

चहाबाज

वकीलीणबाईंचा २०११चा मुद्दा मस्त आहे, पण तो मनाला लागतो, निकालाला नाही. मी निकालाचं बोलतोय. डिसेंबर २०१३, चाचणी स्पर्धा विनिपेगमध्ये, म्हणजे घरच्या प्रेक्षकांसमोर. जोन्सने शेरी मिडॉला हरवून ऑलिम्पिक गाठलं. जरा आधी बघा: २०१२ला गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि त्याच वर्षी पहिली मुलगी. आणि मग सोची. फायनल स्वीडनशी. नवव्या एंडला ४-३ अशी आघाडी, हॅमर स्वीडनकडे. त्यांच्या शेवटच्या दगडाचा घोटाळा झाला आणि कॅनडाला दोन गुण आयते मिळाले, ६-३.

समोरचीकडे हॅमर असताना गुण चोरायचे तर आधीचे सहा-सात दगड नेमके जागी लागतात. लीड डॉन मॅकइवन, सेकंड जिल ऑफिसर आणि थर्ड लॉझ यांनी ते वर्षभर लावले. लॉझने पुढे २०१८च्या ऑलिम्पिकला मिश्र दुहेरीत जॉन मॉरिसबरोबर दुसरं सुवर्ण घेतलं. म्हणजे निवड चुकली असं कोणी म्हणू शकत नाही.

आणि जोन्स मैत्री मानत नाही म्हणाल तर ऑफिसरकडे बघा. १९९४ला दोघींनी एकत्र ज्युनियरचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, आणि २०१८ला जोन्सने दुसरं जगज्जेतेपद घेतलं तेव्हाही सेकंडला ऑफिसरच होती.

वकीलीणबाई

निवड चुकली असं मी म्हणतच नाहीये. लॉझ उत्तमच. पण तुमचा हिशोब असा, की सुवर्ण मिळालं म्हणून निर्णय बरोबर. स्वीडनचा तो दगड नीट बसला असता तर? निर्णय चूक ठरला असता का? निकाल चार वर्षांनी लागतो, निर्णय त्या दिवशीचा असतो.

आकडेच हवेत तर घ्या. कॅथीबरोबर २००५ ते २०१०, सहा स्पर्धांत चार राष्ट्रीय विजेतेपदं. नंतर २०२४पर्यंत दोन. त्यातल्या २०१८ला तर लॉझ ऑलिम्पिकमुळे नव्हती, शॅनन बर्चर्ड थर्ड होती.

रेडरिव्हर

"नंतर" मध्ये रेचल होमन आणि केरी आयनरसन या दोन स्किप आल्या, हे धरा की. २०१३ची फायनल होमनकडून हरली, २०२३ची आयनरसनकडून, २०२४ची परत होमनकडून, ५-४. तीच तिची शेवटची राष्ट्रीय स्पर्धा. वय ४९, बरोबरच्या मुली निम्म्या वयाच्या.

होमनवरून आठवलं. २०२०ला होमनच्या संघाने आपल्या लीडला, लिसा वीगलला, असंच वगळलं आणि सारा विल्क्सला घेतलं. वीगलला कोणी आपल्याकडे घेतलं? जेनिफर जोन्सने! पाचवी खेळाडू म्हणून, आणि बीजिंगलाही नेलं.

आजोळ

हे माहीत नव्हतं. म्हणजे दहा वर्षांपूर्वी जोन्सने एकीची जागा काढली आणि नंतर दुसऱ्यांनी काढलेलीला जागा दिली.

चहाबाज

आणि ती विल्क्स होमनबरोबर २०२४ला जगज्जेती झाली. माझ्या बाजूने अजून एक उदाहरण, धन्यवाद.

वकीलीणबाई

आणि जोन्स बीजिंगमध्ये पाच जिंकून चार हरली, उपांत्य फेरीही नाही. तुमच्या हिशोबाने मग वीगलला घेणं चूक होतं? बघा, निकालावरून न्याय करायला गेलं की असं होतं.

चहाबाज

वीगल राखीव होती हो.

वकीलीणबाई

बरं, एवढं मान्य करते. कॅथीला वगळण्याचा *हक्क* संघाला होता आणि क्रीडादृष्ट्या कारणही होतं. माझी अट एवढीच, की मग जोन्सची कारकीर्द सांगताना "तिचा तो शॉट" म्हणू नका, "त्या चौघींचा तो शॉट" म्हणा. दोघी घासत होत्या, एक झाडू धरून होती. धाग्याच्या शीर्षकातही कॅथीचं आडनाव नाही बघा.

चहाबाज

शीर्षक आता बदलता येत नाही. पण मुद्दा पोचला. वगळणं बरोबर होतं यावर मी ठाम आहे. आधी लिहिलेलं "सगळ्यात मोठा शॉट" मात्र मागे घेतो. सगळ्यात मोठा शॉट २००५चाच.

फिरकी

@रेडरिव्हर, तुम्ही कोणत्या बाजूने? तुमचे प्रतिसाद वाचून कळत नाही.

रेडरिव्हर

खरं सांगू? गेल्या वर्षापर्यंत पूर्णपणे जोन्सच्या बाजूने होतो. मग आमच्या मंगळवारच्या संघाने मला काढलं. फोनवर मेसेज आला, खाली हसरा चेहरा. साधी हौशी लीग, कसलं ऑलिम्पिक न काही. मी थर्ड होतो. स्किपचे दोन दगड लागोपाठ लांब गेले, आणि झाडू मी धरला होता.

सध्या दुसऱ्या संघात लीड आहे. इथली पद्धत अशी, की सामना संपल्यावर दोन्ही संघ एका टेबलाशी बसतात आणि जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पहिला ग्लास पाजायचा. पुढच्या मंगळवारी आमची गाठ जुन्या संघाशी आहे. पाजायची तयारी ठेवून जातोय.