साठीनंतर सुतारकाम: पहिलं वर्ष प्लगवालं एकही यंत्र घेऊ नये, जुन्या हत्यारांनीच शिकावं. पटतंय का?

रंधा_गंगापूररोड

निवृत्तीनंतर हाताला काही तरी चाळा हवा म्हणून सुतारकामाकडे वळणारे आमच्या वयाचे बरेच जण नाशकात दिसायला लागलेत. ओझरच्या एचएएल विमान कारखान्यातले, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले, नोट प्रेसमधले. उभं आयुष्य व्हर्नियरशी गेलेलं, त्यामुळे मिलिमीटरचं वेड अंगातच असतं. आणि पहिल्याच महिन्यात ही मंडळी काय करतात, तर टेबल सॉ (बाकात बसवलेली विजेची करवत), राउटर (लाकडात खाचा-नक्षी कोरणारं यंत्र) आणि सँडर (घासून गुळगुळीत करणारं यंत्र) ऑनलाइन मागवतात. दिवाळीपर्यंत त्या टेबल सॉवर रद्दीचे गठ्ठे.

माझं मत असं की पहिलं वर्षभर काहीही विजेवर चालणारं आणू नये. भंगारातून एक लोखंडी रंधा, एक इंची आणि अर्धा इंची पटाशी, एक करवत, काटकोन बघायचा गुण्या, आणि धारेचा बरा दगड. बास. अंबड लिंक रोडच्या बाजूला, भद्रकालीत, कुठे कुठे जुन्या लोखंडात अजून चांगली पाती निघतात. इंग्लंडातल्या पोलादाच्या गावाचा, शेफील्डचा शिक्का असलेली अर्धा इंची पटाशी मला चहा-भजीच्या पैशात मिळाली. मूठ फुटलेली, पण पोलाद उत्तम. जुन्या हाय कार्बन पोलादाची गंमत ही की साध्या दगडावर ते पटकन धार घेतं.

आणि माझ्या लेखी खरा छंद धार लावण्याचाच आहे. गंज काढून पात्याची पाठ सपाट घासायला घेतली की आधी फक्त कडा चमकतात, मधे काळा खड्डा राहतो. तो खड्डा धारेच्या मागे सरकेपर्यंत घासायचं. मग उताराची बाजू. दगडावर पाणी, पात्यावर दोन बोटांचा दाब, आणि पाठीवरून अंगठा बाहेरच्या दिशेने फिरवला की बारीक बर, म्हणजे पोलादाची मुडपलेली कड, लागते. ती पूर्ण रुंदीभर लागली तरच पुढचा दगड. घाई करून ग्राइंडरला लावलं आणि टोक निळं पडलं, म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे टणकपणा, उतरला. तो भाग घासून टाकण्याशिवाय इलाज नाही.

दुसरं कारण फुफ्फुसाचं. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकली आहे. रंध्याची सालपटं खाली पडतात, झाडून घेता येतात. सँडरची पूड हवेत राहते.

लेथवर (लाकूड गरगर फिरवून त्याला हत्यार लावायचं यंत्र) कातकाम तर त्याहूनही पुढची पायरी. ८ इंची वाडगं मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरलं तर त्याच्या काठाचा वेग ताशी ३८ किलोमीटर होतो. सत्तरीत तिथे पटाशी अडकवून शिकायचं?

विरोधी मतं जरूर यावीत.

कातारी_पंचवटी

काका, धारेबद्दल जे लिहिलंत त्याला दोन्ही हातांनी नमस्कार. पण लेथबद्दल लोकांना उगाच घाबरवलंत.

८ इंची वाडगं पहिल्या दिवशी लावतंय कोण? दीड इंचाचा दांडा लावा, लाटण्याचा. त्याच १००० फेऱ्यांना काठाचा वेग ताशी ७ किलोमीटर येतो. सोमेश्वरला सकाळी फिरायला येणारे काका-काकू जवळपास त्या वेगाने चालतात.

वय झालेल्या माणसाला सगळ्यात सोपं काम लेथचंच, हे मी कातारी घरातला म्हणून सांगतो. करवतीला खांदा लागतो, रंध्याला कंबर लागते. लेथला ताकद नाही, बसणी लागते. हत्यार टेकणीवर ठेवायचं, आधी त्याचा उतार लाकडावर नुसता घासू द्यायचा, मग मागची मूठ हळूच वर करायची. सालपट निघायला लागतं. मूठ न उचलता टोक आधी घुसवलं की हत्यार अडकतं, बस्स, एवढंच शास्त्र. आमचे आजोबा जमिनीवर बसून एका हाताने धनुकली (लाकूड फिरवायचं दोरीचं धनुष्य) ओढायचे आणि दुसऱ्या हाताने व पायाच्या अंगठ्याने हत्यार धरायचे. त्यांच्या हयातीत मोटर आली. धनुकली त्यांनी स्वतःच्या हाताने बंबात घातली. तुमच्यासारखे छंदवाले तेव्हा असते तर चांगल्या भावात गेली असती.

धुळीचं म्हणाल, तर ओलं लाकूड काता. ताज्या आंब्याच्या किंवा जांभळाच्या लाकडाची लांबलचक ओली फीत निघते, पूड नाही. वाडगं करायचं असेल तर आधी जाड ठेवायचं, व्यासाचा साधारण दहावा हिस्सा. म्हणजे ८ इंचीला पाऊण इंचाच्या वर. मग त्याच्याच सालपटांत कागदी पिशवीत घालून विसरून जायचं. वाळताना ते लंबगोल होतं. काही महिन्यांनी पुन्हा लेथवर चढवून गोल करायचं.

एकच सक्त ताकीद: मोठ्या दांड्याचं खडबडीत काम काढायची जी रुंद गोल पटाशी येते, ती वाडग्याला लावायची नाही. तिची मुठीत जाणारी शेपटी बारीक असते, तिथून मोडते.

सुताराचा_पोरगा

वाचून गंमत वाटली आणि थोडा रागही आला. दोन्ही लिहितो.

वडील जुन्या नाशकात चाळीसेक वर्षं सुतारकाम करत होते. उकिडवं बसायचं, फळी पायाखाली दाबायची आणि रंधा मारायचा. मोठ्या रंध्याला पुढे आडवी दांडी असायची. समोरून ती ओढायला मी. शाळा सुटल्यावर, दप्तर बाजूला टाकून. आज त्यांना कमोडवरून उठताना धरावं लागतं, इतके गुडघे गेलेत. घरात पहिलं ड्रिल मशीन आलं त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले होते. "जुनी हत्यारं बरी" हे वाक्य मी आजपर्यंत एकाही म्हाताऱ्या सुताराच्या तोंडून ऐकलेलं नाही. पेन्शनीतल्या साहेबांच्याच तोंडून ऐकतो.

तुमचा छंद, आमचं बलुतं. आणि भंगारात चहा-भजीच्या पैशात मिळालेली पटाशी कुणाच्या पेटीतून आली असेल, याचा विचार करून बघा. पोरं प्लायवूडच्या कामाला लागली की बापाची पेटी किलोवर जाते.

आता मी मॉड्युलर किचनची कामं घेतो. पॅनेल सॉ आहे, धूळ ओढायचं मशीन आहे. खाली बसून काम करणारा एकही माणूस माझ्या वर्कशॉपमध्ये नाही.

रंधा_गंगापूररोड

@सुताराचा_पोरगा, राग रास्त आहे. तरी माझा मुद्दा तिथेच राहतो.

तुमच्या वडिलांच्या डोक्यावर वायद्याची तारीख होती, गिऱ्हाईक दारात उभं होतं. तिथे यंत्र न घेणं हा मूर्खपणा झाला असता. मला कुणी वायदा विचारत नाही. यंत्र वेळ वाचवतं हे कबूल, पण वाचलेला वेळ घेऊन मी जाऊ कुठे? दुपारी दोन ते पाच हा वेळ घालवायचाच प्रश्न असतो आमच्याकडे.

उकिडवं बसा असंही कुणी म्हणत नाहीये. बाक हवाच. हात सरळ खाली सोडून मूठ जिथे येते तेवढी उंची रंध्याला पुरते. खाचा, बारीक काम करायचं असेल तर त्याहून वीतभर वर. कंबर वाकवायची गरज नाही.

फिजिओ_मॅडम

या बाकाच्या मुद्द्यावर थोडं. माझ्याकडे असे छंदवाले रुग्ण येतात, आणि बहुतेकांचं दुखणं कमरेचं नसतं, अंगठ्याच्या मुळाशी असतं. त्या सांध्याची झीज या वयात सर्रास असते. बारीक मुठीची पटाशी तासभर आवळून धरली की रात्री ठणका. मुठी जाड करून घ्या, हवं तर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. त्या दृष्टीने लेथची लांब जाड मूठ खरंच बरी, इथे मी कातारीदादांच्या बाजूने. सँडर मात्र लांब ठेवा, त्याची थरथर हाताला वाईट.

रंधा खांद्याने ढकलू नका. मागच्या पायावरून पुढच्या पायावर वजन न्यायचं, हात नुसते सोबत जातात.

आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर घरात दुसरं माणूस असतानाच पटाशी हातात घ्या. जाड गॉजची घडी आणि क्रेप बँडेज बाकावरच असू द्या, कपाटात नको. यात जुनं हत्यार, नवं हत्यार असा काही फरक नाही.

इंदिरानगरची_सून

चर्चा फार उच्च पातळीवर चाललीय, म्हणून खालच्या मजल्यावरून लिहिते. अक्षरशः.

आमचे सासरे आणि वरच्या फ्लॅटमधले त्यांचे मित्र, दोघंही या नादात. सासरे हातरंधावाले, मित्र राउटरवाले. राउटर सुरू झाला की आमच्या घरी फोनवर बोलता येत नाही. सोसायटीत तीन बैठका झाल्या त्यावर. पण हातवाले शांत असतात हा गैरसमज काढून टाका. पटाशीवर मोगरीचा ठोका म्हणजे स्लॅबमधून थेट खाली. दुपारी बाळ झोपलं की नेमकी खाच पाडायची हुक्की येते.

उपाय निघाला तो असा की बाकाच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे, आणि ठोकाठोक अकरा ते एक. सालपटं मी कुंडीत टाकते. काका, वर्षभर प्लग नको हे माझ्यापुरतं मान्य, फक्त ते तत्त्व वरच्या मजल्यावर पण कळवा.

टूलरूम_निवृत्त

मी राउटरवाला नाही, आधीच सांगतो. 😀

गंज काढायचा विषय निघालाय म्हणून. धुण्याचा सोडा पाण्यात घालून बॅटरी चार्जरने गंज काढता येतो. ऋण टोक गंजलेल्या हत्याराला, धन टोक साध्या लोखंडाच्या तुकड्याला. स्टेनलेसचा तुकडा अजिबात वापरू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी पाणी होतं. बाल्कनीत करा, हायड्रोजन निघतो.

मूळ मताशी मी अर्धाच सहमत. जुना रंधा घ्यावा, पण बघून. तळ पिळलेला असेल किंवा तोंडाशी तडा असेल तर तो पेपरवेट. नवशिक्याला हे कळत नाही, तो महिनाभर घासत बसतो, लाकडाला हात लागतच नाही. त्यापेक्षा नवा लोखंडी रंधा घेऊन पातं नीट केलेलं परवडतं. पात्यावरची दुसरी पट्टी धारेपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणून बसवा, उलट्या रेषेच्या सागवानालाही रंधा उचकटत नाही. जुन्यात आणि नव्यात ही गोष्ट सारखीच.

कडीपाट

सगळे हत्यारांवर बोलताय, लाकडाचं कुणी काढत नाही. जुन्या नाशकातले वाडे पडतायत, त्यांचं सागवान हेच तुमच्या छंदाचं खाद्य आहे. मागे एकाने मला कौतुकाने पेनं दाखवली, "दोनशे वर्षांच्या खांबाची". खांब कोरीव होता, कमळाच्या पाकळ्यांची बैठक असलेला. तो उभा चिरून त्याने पेनं आणि किचेन कातली! हा छंद म्हणायचा की खाटीकखाना? छताच्या साध्या कड्या (तुळया), पाटाच्या फळ्या घ्या, त्याला कुणाची ना नाही. कोरलेला तुकडा दिसला तर तसाच ठेवा किंवा ठेवणाऱ्याला द्या.

कातारी_पंचवटी

@कडीपाट, शंभर टक्के. शिवाय व्यवहारानेही ते लाकूड लेथला बरं नाही. आत मोडलेले खिळे असतात. आधी चुंबक फिरवून बघितल्याशिवाय लावू नये.

नाशिककरांनी द्राक्षाचे बुंधे वापरून बघावेत. जुनी बाग मोडली की शेतकरी ते जाळतात, मागितले तर फुकट देतो. वेडेवाकडे, चिरा पडलेले, पण दांडा आणि छोटी दिवी छान होते.

टूलरूम_निवृत्त

वाड्याच्या लाकडावर जुना ऑइलपेंट असेल तर आणखी एक. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवायचा नियम २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. कोरडा घासू नका, ओला करून खरवडा, आणि नातवंडांना तेवढा वेळ लांब ठेवा.

सुताराचा_पोरगा

काका, तुमचं "वेळ घेऊन जाऊ कुठे" वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, "त्यांना म्हणावं इकडे या."

तेव्हा माझी अट ऐका. जुन्या हत्यारांनीच शिकायचंय ना, मग यूट्यूबवर परदेशी माणसाकडे बघून नको. शहरात अजून म्हातारे सुतार आहेत, बसून असतात. तासाचे पैसे ठरवा, रोख द्या, आणि त्यांच्यासमोर रंधा मारा. "शिकवा की हो काका" म्हणून फुकट नाही. भंगारात पेटी विकली गेली की तिच्यासोबत शिकवणारा येत नाही.

रंधा_गंगापूररोड

मान्य, आणि तासाचे पैसे तुम्हीच सांगा, मी घासाघीस करणार नाही. लेथबाबत मात्र मी बधलेलो नाही. कातारीदादांनी लाटण्याचा दांडा दाखवून वाडग्याचा प्रश्न टाळला. दांडा झाला की चौथ्या दिवशी प्रत्येक जण वाडग्यावरच जातो.

कातारी_पंचवटी

टाळला नाही. वाडग्याला ५०० फेऱ्यांपासून सुरू करा, चालू करताना बाजूला उभे राहा, तोंडावर पूर्ण शील्ड, नुसता चष्मा नको. गळ्यात उपरणं, हातात अंगठी नको. एवढं पाळून एक रविवार पंचवटीत या. पहिलं लाकूड माझं, पटाशी तुमची शेफील्डवाली सोडून कुठलीही. ती लेथला चालत नाही, फार आखूड आहे.

इंदिरानगरची_सून

सासऱ्यांना पण घेऊन जा. दुपारचं काही ठेवा, दोन ते पाच.