बेलर विद्यापीठ : बाप्टिस्ट राहायचं की नाही, एकदाचं ठरवा

डॅलसचा_दादा
टेक्सासात वेकोला बेलर विद्यापीठ आहे. बाप्टिस्टांच्या (प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांतला एक पंथ) मोठ्या विद्यापीठांपैकी एक. सनद १८४५ची, म्हणजे टेक्सास अमेरिकेत सामील व्हायच्याही आधीची. जुलै २०२५मध्ये त्यांनी ६,४३,४०१ डॉलरचं अनुदान परत केलं. समलिंगी आणि ट्रान्स माणसांना चर्चमध्ये कसं सामावून घेता येईल, यावर समाजकार्य विभाग अभ्यास करणार होता. बातमी बाहेर आली, ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत माघार. अध्यक्षा लिंडा लिव्हिंगस्टन म्हणतात की अडचण संशोधनाची नव्हती, त्यातून त्या बाजूनं होणाऱ्या प्रचाराची होती. आता घ्या!

माझं मत सरळ आहे. वेक फॉरेस्ट आणि फर्मन हीसुद्धा मुळात बाप्टिस्टांचीच विद्यापीठं. वेक फॉरेस्टनं १९८६मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या बाप्टिस्ट कन्व्हेन्शनशी (राज्यातल्या चर्चेसची संघटना) औपचारिक नातं तोडलं, फर्मननं साउथ कॅरोलायनाच्या कन्व्हेन्शनशी १९९२मध्ये. दोन्ही मजेत आहेत. बेलरला २०२१अखेर संशोधनात आर-१ हा सर्वोच्च दर्जा मिळाला, तो मिरवायचा आणि विषय मात्र चर्चचा मूड बघून निवडायचे? हे तळ्यात-मळ्यात बंद करा.

जुनंखोड
दादा, तोडायचं तेवढं बेलरनं १९९०लाच तोडलंय. १९७९पासून सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन (दक्षिणेतल्या बाप्टिस्टांची देशपातळीवरची संघटना) कट्टर गटाच्या ताब्यात जायला लागली. हीच मंडळी उद्या टेक्सासची कन्व्हेन्शन काबीज करतील, आपल्या विश्वस्त मंडळात घुसतील आणि प्राध्यापकांच्या मागे लागतील, ही धास्ती होती. तेव्हाचे अध्यक्ष हर्बर्ट रेनॉल्ड्स यांच्या पुढाकारानं मंडळानं सनदच बदलली. आधी सगळे विश्वस्त टेक्सासची कन्व्हेन्शन निवडायची. पुढे तडजोड होऊन तिच्याकडे पाव हिस्सा उरला, बाकीचे मंडळ स्वतःच निवडतं. चूल वेगळी मांडली, कुलदैवत तेच ठेवलं, मुळांशी इमान राखलं. यात दुटप्पीपणा कसला?

ह्यूस्टनची_मावशी
भाची तिथे प्री-मेड (डॉक्टरकीच्या आधीचं शिक्षण) करत होती. चॅपलला (प्रार्थनासभेला) दोन सेमिस्टर हजेरी लावावी लागते, ख्रिस्ती धर्माचे दोन कोर्स सक्तीचे. पोरगी चॅपलमध्ये बायोकेमची फ्लॅशकार्डं घेऊन बसायची! बाटवायला कुणी आलं नाही. सगळं आधीच लेखी असतं, पटत नसेल तर ऑस्टिनला सरकारी विद्यापीठ आहेच. आपण पोरांना कॉन्व्हेंटात घालतो तेव्हा कुठे एवढा काथ्याकूट करतो?

डॅलसचा_दादा
मावशी, तुमची भाची फी भरून शिकलेली चालते. उद्या ती पीएचडी करून तिथेच शिकवायला गेली तर? पूर्णवेळ प्राध्यापक ख्रिस्ती हवा, फार तर ज्यू, असा तिथला शिरस्ता आहे.

ह्यूस्टनची_मावशी
हा मुद्दा मान्य. पण तो अनुदानाचा मुद्दा नव्हे.

शंकेखोर
मुळं मुळं करताय, पण कुठली? बाप्टिस्टांत पोप नाही, प्रत्येक चर्च स्वतंत्र. रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकानं १६३८च्या सुमाराला ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला अमेरिकेतलं पहिलं बाप्टिस्ट चर्च काढलं. सरकारनं कुणाच्या सद्सद्विवेकात नाक खुपसू नये, असं तो म्हणायचा. त्याच परंपरेतल्या लोकांनी १७६४ला ब्राऊन विद्यापीठ काढलं. ३६ विश्वस्तांपैकी २२ बाप्टिस्ट हवेत अशी तजवीज केली, पण विद्यार्थ्याला धर्म विचारायचा नाही, हेही सनदेतच लिहिलं. हे एक मूळ.

दुसरं मूळ १८४५चं. ज्या साली बेलरला सनद मिळाली, त्याच साली गुलाम बाळगणारा मिशनरी होऊ शकतो का, या वादातून दक्षिणेतले बाप्टिस्ट फुटून निघाले. ज्यांच्या नावानं विद्यापीठ आहे ते न्यायमूर्ती बेलर स्वतः गुलामांचे मालक. २०२०मध्ये विद्यापीठानं या इतिहासाच्या चौकशीला आयोग नेमला, तो सुखासुखी नव्हे. तेव्हा ‘मुळांशी इमान’ म्हणताना कुठल्या मुळाशी, तेवढं सांगा.

(अवांतर : १८०५ साली इंग्रजीतून मराठीचं व्याकरण छापणारा विल्यम केरी बाप्टिस्टच. बंगालमधल्या श्रीरामपूरचा, आपल्या नगरकडच्या नव्हे.)

जुनंखोड
शंकेखोर, अगदी! म्हणून तर म्हणतो की आत राहून भांडू द्या. बेलरच्या आवारात नाचायला परवानगी मिळायला १९९६ उजाडलं, तेव्हा अध्यक्षच सपत्नीक नाचले. २०१५ला आचारसंहितेतून समलैंगिक कृत्यांचा उल्लेख गेला. २०२२ला ‘प्रिझम’ या एलजीबीटी विद्यार्थिगटाला मान्यता मिळाली. हळू, पण सरकतंय.

डॅलसचा_दादा
नाचायला १५१ वर्षं! आणि लग्न म्हणजे एक पुरुष, एक स्त्री. शरीरसंबंध त्याच चौकटीत, हा नियम अजून तिथेच आहे. प्रिझमला खोली दिली, नियम ठेवला. यालाच मी तळ्यात-मळ्यात म्हणतो.

जुनंखोड
आणि तुमच्या वेक फॉरेस्टचं कौतुक जरा बेतानं. १९५६ला आख्खं कॉलेज उचलून विन्स्टन-सेलमला नेलं, ते तंबाखूवाल्या रेनॉल्ड्स घराण्याच्या पैशावर. रिचमंड या बाप्टिस्टांच्याच विद्यापीठाला १९६९मध्ये रॉबिन्स कुटुंबानं ५ कोटी डॉलर दिले, मग तिथे कन्व्हेन्शनची गरज उरली नाही. पाठीशी पैसेवाला असला की बाणेदारपणा परवडतो. चर्चला जाणारे माजी विद्यार्थी उद्या रुसले तर बेलरनं कुठे जायचं?

डॅलसचा_दादा
अहो, पण हे अनुदान दिलं होतं बॉ फाउंडेशननं. हॉटेलांना माल पुरवणाऱ्या सिस्कोचे संस्थापक जॉन बॉ आणि त्यांच्या पत्नीचं प्रतिष्ठान. पक्के बाप्टिस्ट! आणि कट्टरपंथीयांशी लढण्यात हयात घालवलेले. म्हणजे पैसेवाला होता, बाप्टिस्ट होता, तुमच्याच १९९०वाल्या बाजूचा होता. त्याचा चेक परत करायला कुणी लावलं?