शब्दचर्चा : इन्युइटांचं ‘सेल्फ-गव्हर्नमेंट’ म्हणजे स्वायत्तता, स्वशासन की स्वराज्य?

मेधा : कॅनडाच्या उत्तरेकडच्या इन्युइट या आदिवासी समाजाच्या प्रदेशांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. मूळ लेखात ‘सेल्फ-डिटर्मिनेशन’, ‘ऑटोनॉमी’ आणि ‘सेल्फ-गव्हर्नमेंट’ असे तीन शब्द आहेत. आपल्याकडच्या बातम्यांत तिन्हींना ‘स्वायत्तता’च लावलेलं दिसतं. तसंच ‘बेनिफिशियरी’ला ‘लाभार्थी’ चालेल का?

दिगंबर : मेधाताई, पहिला शब्द सोपा आहे : स्वयंनिर्णय. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्क जाहीरनाम्यात कलम ३ मध्ये स्वयंनिर्णयाचा हक्क आहे. तो बजावताना अंतर्गत आणि स्थानिक कारभारापुरती स्वायत्तता किंवा स्वशासन मिळण्याचा हक्क कलम ४ मध्ये येतो. एक मूळ हक्क, दुसरी त्यातून उभी राहणारी व्यवस्था. दोन्हींना एकच शब्द दिला तर जाहीरनाम्याची रचनाच कळत नाही.

‘स्वायत्त’ची अडचण वेगळी आहे. मराठी वाचकाला त्यावरून स्वायत्त महाविद्यालय आठवतं, म्हणजे वरच्याने दिलेली मोकळीक. आपल्या घटनेच्या सहाव्या अनुसूचीतल्या स्वायत्त जिल्हा परिषदा बरखास्त करण्याचा अधिकारही राज्यपालांकडे आहे. इन्युइटांचे सरकारशी झालेले जमिनीविषयीचे करार त्या जातीचे नाहीत. कॅनडाच्या १९८२ च्या घटनेचं कलम ३५ या भूमिकरारांतल्या हक्कांना तहातल्या हक्कांचा दर्जा देतं. संसदेत साधा कायदा करून ते पुसता येत नाहीत. म्हणून ‘स्वायत्तता’ हा शब्द सर्वसाधारण वर्णनापुरता ठेवावा आणि प्रत्यक्ष व्यवस्थेला ‘स्वशासन’ म्हणावं.

मात्र ‘स्वशासन’सुद्धा सगळीकडे चिकटवू नका. आधी बघा, मत कोणाला आहे? १ एप्रिल १९९९ ला अस्तित्वात आलेल्या, कॅनडाच्या उत्तरेतल्या नुनावुतचं सरकार तिथल्या सर्व रहिवाशांचं आहे. इन्युइट सुमारे ८५ टक्के असल्यामुळे सत्ता व्यवहारात त्यांच्या हाती असते, पण इन्युइट नसलेला रहिवासीही तिथे मतदार आहे. विधानसभेत पक्ष नाहीत; निवडून आलेले आमदार आपल्यातूनच गुप्त मतदानाने सरकारचा प्रमुख (प्रीमियर) निवडतात. याला ‘इन्युइट सरकार’ लिहिलं तर चूक होते. ‘पब्लिक गव्हर्नमेंट’चा ‘सार्वजनिक शासन’ असा शब्दशः अनुवादही करू नये, त्यातून सार्वजनिक बांधकाम खात्याचा वास येतो. पहिल्या उल्लेखात ‘सर्व रहिवाशांचं प्रादेशिक सरकार’ आणि पुढे ‘नुनावुत सरकार’ पुरे. नुनावुतला ‘राज्य’ही म्हणू नये. तो प्रदेश आहे, त्याचे अधिकार केंद्राच्या कायद्यातून येतात. सरकारी जमीन आणि खनिजांचा कारभार त्याच्याकडे सोपवण्याचा करार जानेवारी २०२४ मध्ये झाला आणि हस्तांतराची मुदत १ एप्रिल २०२७ आहे.

याउलट कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लॅब्राडोरमधलं नुनात्सियावुत, हा इन्युइटांचा दुसरा प्रदेश. करार जानेवारी २००५ मध्ये झाला आणि १ डिसेंबर २००५ पासून अमलात आला. तिथे स्वतःची घटना आहे, विधानसभा होपडेलला आणि प्रशासन नेनला. विधानसभेसाठी करारात नोंद असलेल्या इन्युइटांनाच मत आहे, आणि त्यातले जे क्षेत्राबाहेर राहतात त्यांनाही आहे. इथे ‘इन्युइट स्वशासन’ अगदी नेमकं बसतं.

मेधा : मग ज्यांची करारात नोंद आहे, ते ‘लाभार्थी’ नव्हेत?

दिगंबर : नव्हेत, आणि इथे मी हट्ट धरेन. ‘लाभार्थी’ म्हटलं की घरकुलाची यादी डोळ्यांपुढे येते. १९९३ च्या नुनावुत करारात इन्युइटांनी त्या भूमीवरचा आपला पूर्वापार मालकी हक्क सोडला. त्या बदल्यात सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमिनीची मालकी मिळाली (तीत खनिजांसह मालकी जेमतेम दहाव्या हिश्शावर) आणि १४ वर्षांत मिळून सुमारे ११५ कोटी डॉलर. एवढं देऊन घेतलेल्याला लाभार्थी म्हणणं अन्यायाचं आहे. ‘करारहक्कदार’ म्हणा. नोंद कोणाची करायची हेही गावातली इन्युइटांची समितीच ठरवते. माणूस इन्युइट रिवाजाप्रमाणे इनुक असावा, स्वतःला इनुक मानत असावा, कॅनडाचा नागरिक असावा आणि त्या भागाशी त्याचा संबंध असावा.

या हक्कदारांची संस्था म्हणजे नुनावुत तुंगाविक. ती नुनावुत सरकारपासून वेगळी आहे. २००६ मध्ये करार पाळला नाही म्हणून केंद्रावर दावा तिने लावला आणि २०१५ मध्ये २५.५५ कोटी डॉलरवर तडजोडही तिनेच केली. ‘नुनावुत सरकारने केंद्राला कोर्टात खेचलं’ असं वाक्य लेखात असेल तर ते आधी दुरुस्त करा.

अन्वर : डेन्मार्कच्या राज्यातल्या ग्रीनलंडचा उल्लेख असेल (तिथेही बहुसंख्य इन्युइटच आहेत) तर तिथे दोन शब्द लागतील. १९७९ च्या व्यवस्थेला ‘होमरूल’ म्हणा. टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढली तेव्हापासून हा शब्द मराठीत मुरलेला आहे. २००९ च्या व्यवस्थेला ‘स्वशासन’. ‘स्वराज्य’ नको. मराठीत त्या शब्दात सार्वभौमत्व येतं, आणि संरक्षण, चलन, सर्वोच्च न्यायालय अजून डेन्मार्ककडेच आहे. स्वातंत्र्याचा निर्णय ग्रीनलंडच्या जनतेने घ्यावा असं २००९ च्या कायद्याचं कलम २१ सांगतं, पण पुढे करार, तिथलं सार्वमत आणि डॅनिश संसदेची संमती या पायऱ्या आहेत.

मेधा : नुनात्सियावुतच्या ‘गव्हर्नमेंट’ला एका जुन्या अनुवादात ‘परिषद’ केलंय. आणि ‘इंडिजिनस’ला ‘मूळनिवासी’.

दिगंबर : परिषद नको, सरकारच लिहा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हटलं तेव्हा कोणाला शब्द मोठा वाटला नाही. क्यूबेक प्रांताच्या उत्तरेला नुनाविक या इन्युइट भागामध्ये मात्र ‘प्रादेशिक प्रशासन’ लिहा, कारण तिथली कातिविक संस्था प्रांताच्या कायद्याने चालते आणि तिच्या जागी अधिक मोठं सरकार आणण्याचा प्रस्ताव २०११ च्या सार्वमतात तिथल्याच लोकांनी फेटाळला.

‘मूळनिवासी’ला महाराष्ट्रात वेगळ्या चळवळीचा अर्थ आहे, म्हणून ‘आदिवासी’ बरा. शक्य तिथे सरळ ‘इन्युइट’ लिहा, एकवचनी ‘इनुक’. ‘इन्युइट लोक’ ही द्विरुक्ती होते, त्या शब्दाचाच अर्थ ‘माणसं’. ‘एस्किमो’ फक्त जुन्या अवतरणात. ‘फर्स्ट नेशन्स’मध्येही (कॅनडातल्या इतर अनेक आदिवासी समाजांचं हे सामायिक नाव) त्यांना घालू नका. कलम ३५ मध्ये इन्युइटांचं नाव स्वतंत्र आहे आणि फर्स्ट नेशन्ससाठीच्या इंडियन ॲक्ट या कायद्याची राखीव क्षेत्रं त्यांना लागू नाहीत.