स्कँडिनेव्हियातली खरेदी: घोडे, बशा, हातमोजे... तुम्ही काय आणलंत?

पारिजात_ठाणे
भाचा ऑफिसच्या कामाने स्टॉकहोमला निघालाय. "मावशी, तुला काय आणू?" म्हणून फोन आला आणि मला एकदम नुसनेस आठवलं. मोराजवळचं छोटंसं गाव. तो लाल लाकडी डाला घोडा सगळ्यांनी पाहिलेला असतो, तो तिथला. स्टॉकहोमहून ट्रेनने मोराला जायला जवळजवळ चार तास लागतात, त्यामुळे यांची कुरकुर चालली होती. पण कार्यशाळेत शिरलो आणि हेच बाहेर यायला तयार होईनात.

पाइनचा ठोकळा आधी यंत्रावर घोड्याच्या आकारात कापतात, पुढचं सगळं कोरणं सुरीने हातावर. मग रंगात बुडवतात, वाळवतात, घासतात. शेवटी खोगीर आणि लगाम रंगवणाऱ्या बाईंच्या टेबलाशी मी उभी राहिले. त्या एकाच ब्रशवर दोन रंग घेतात. ब्रश टेकवायचा, जरासा वळवायचा, उचलायचा, की पान तयार, एका कडेला पांढरं आणि दुसऱ्या कडेला हिरवं. पुसणं नाही, गिरवणं नाही. शेजारी रांगेत वाळणारे घोडे, पण दोन खोगिरं अगदी सारखी म्हणून नव्हती. मी तिथला वीतभर उंचीचा एक घेतला. हे घोडे आधी लाकूडतोडे हिवाळ्यात शेकोटीपाशी बसून मुलांसाठी कोरायचे. 1939 साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्वीडनच्या दालनापुढे मोठा घोडा उभा केला आणि तिथून मागणी सुरू झाली.

वस्तू कुणाच्या हातची आहे हे डोळ्यांनी बघून घ्यावी असं मला तेव्हापासून फार मनापासून वाटतं. तुमचेही अनुभव लिहा. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, कुठलेही चालतील.

केतकी_स्टॉकहोम
ताई, मस्त धागा! इथेच राहते, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला खरेदीला न्यायचं काम माझं 😄
गामला स्तानमधे, म्हणजे स्टॉकहोमच्या जुन्या भागात, वेस्टरलाँगगातान रस्त्यावर ओळीने दुकानं आहेत, तिथे घोडा आधी उलटा करून बघा. नुसनेसच्या घोड्यावर कार्यशाळेच्या नावाची चिठ्ठी असते. नसेल तर विचारा, सांगतात. आणि वेळ असेल तर सरळ स्कान्सेनला जा. 1891 पासूनचं उघडं संग्रहालय, जुनी घरं आहेत, काच फुंकणारे कारागीर समोर काम करताना दिसतात, दुकानही चांगलं आहे. पोरगी उठली, नंतर लिहिते

मध्या
नुसनेसला जाताना वाटेत आवेस्ताचा घोडा लागतो का? 13 मीटर उंच, काँक्रीटचा. हायवेच्या कडेलाच उभा आहे. आमच्या ग्रुपने तासभर फोटोच काढले

नंदा_आत्या
आमच्याकडे सूनबाईंनी कोपनहेगनहून निळ्या नक्षीची बशी आणली होती. रॉयल कोपनहेगनची, कंपनी 1775 ची. बशीमागे तीन निळ्या लाटा असतात, त्या डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्या. शिवाय रंगवणाऱ्याची खूण असते. मी तर बशी पालथी करून आल्यागेल्याला आधी मागची बाजू दाखवते. नातवाला ती लाटांची गोष्ट पाठ झालीय.

बोका_कोथरूड
आत्या, त्या बशीत कधी काही वाढलंत का?

नंदा_आत्या
वाढते की. दिवाळीत चकल्या. वापरायच्याच असतात त्या, शोकेसमधे ठेवून काय करायचं.

सह्यवेडा
आत्या +१
दुकानातली किंमत बघून माघारी फिरला असाल तर कोपनहेगनमधे जुन्या वस्तूंच्या दुकानांत शोधा. तेच कप तिथे पुष्कळ कमी भावात मिळतात. आणि हल्ली या कंपनीचं बरंचसं उत्पादन थायलंडमधे होतं. रंगकाम तिथेही हातानेच, त्यामुळे मला त्यात कमीपणा वाटत नाही, पण डेन्मार्कमधलंच पाहिजे असेल तर जुनंच बघा.

केतकी_स्टॉकहोम
आले. स्वीडनमधेही हेच. 'लॉपिस' अशी पाटी दिसली की आत शिरायचं, म्हणजे जुना बाजार. हॉटोरियेतला रविवारचा बाजार बघाच. मला तिथे काचेचा स्नोबॉल मेणबत्तीदिवा मिळाला, कोस्टा बोडा या स्वीडिश काच-कंपनीचा. 1973 चं डिझाइन, आत मेणबत्ती लावली की काचेच्या पाकळ्या उजळतात. दिवाळीत पणत्यांच्या शेजारी तोच असतो.
रोख पैसे घेऊन फिरू नका, बरीच दुकानं घेतच नाहीत. कार्ड ठेवा.

अबोली_नागपूर
नॉर्वेचं कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. बर्गनला ब्रिग्गनमधे गेलो होतो. 1702 च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली लाकडी घरं, 1979 पासून युनेस्कोच्या यादीत. समोरून फोटो काढून लोक परत जातात, पण दोन घरांच्या मधल्या बोळात शिरा! फळ्यांची जमीन, वर जिने, आत कारागिरांच्या खोल्या, सगळीकडे डांबराचा आणि ओल्या लाकडाचा वास. पाऊस तर होताच, बर्गनच ते.
मी सेल्बूचे हातमोजे घेतले. काळ्यावर पांढरं आठ पाकळ्यांचं फूल. सेल्बूमधल्या मारित नावाच्या मुलीने 1857 मधे अशी नक्षी विणली, ती आणि बहिणी घालून चर्चला गेल्या आणि गावभर पसरली. माझी आजी विणायची, तिने ते मोजे उलटे करून आतले धागे बघितले आणि म्हणाली, "हिचा हात साफ आहे गं." याहून मोठी शाबासकी आमच्या घरात नाही.

रेवा
आजीला नमस्कार सांग ❤️
एक विचारू? लोकर मुंबईत टिकते का? माझ्या नॉर्वेच्या स्वेटरला कसर लागली, बाहीवर दोन भोकं 😢

नंदा_आत्या
अगं रेवा, धुऊन कडक वाळव, मग सुती कापडात गुंडाळून कडुनिंबाच्या सुकल्या पाल्यात ठेव. पावसाळ्यानंतर एकदा ऊन दाखवायचं. भोकं रफू होतील, फेकू नकोस.

अबोली_नागपूर
आजी म्हणतेय धागा त्याच रंगाचा नाही मिळाला तर स्वेटरच्या आतल्या शिवणीतला जादा धागा काढून वापर.

रेवा
आजी ग्रेट!! आजच बघते

मध्या
मी आणलेली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे नॉर्वेचा चीज कापायचा हात-रंधा. लिलेहॅमरच्या एका सुताराने, थोर ब्योर्कलुंडने, 1925 मधे पेटंट घेतलं. सुतारकामाचा रंधा बघून सुचलं म्हणे. आई त्यावर काकडी कापते, कोशिंबिरीला एकदम पातळ.

सह्यवेडा
सामी लोकांच्या, म्हणजे तिथल्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांच्या, वस्तूंबद्दल लिहायचं राहिलं. उत्तर स्वीडनमधे योकमोकला फेब्रुवारीत बाजार भरतो, 1605 पासून. थंडी इतकी की फोनची बॅटरी खिशातच मान टाकते. तिथून मी गुक्सी आणला, बर्च झाडाच्या गाठीतून कोरलेला पेला. विकणारे आजोबा स्वतः कोरणारे. त्यांनी पेला माझ्या हातात दिला, अंगठा कुठे बसतो ते दाखवलं आणि बजावलं, साबण लावायचा नाही, पाण्याने विसळायचा. चहा पिऊन पिऊन आता आतून चॉकलेटी झालाय.
नकली माल खूप आहे. 'दुओजी'चं (म्हणजे सामी हस्तकलेचं) गोल चिन्ह असलं की वस्तू सामी कारागिराच्या हातची. थोडे पैसे जास्त जातात, पण ते योग्य माणसाच्या हातात जातात, त्यामुळे इथे घासाघीस करू नये असं मला ठामपणे वाटतं.

बोका_कोथरूड
दादा, फिनलंडला पण असाच पेला बघितला, कुक्सा म्हणत होते. फिनलंड स्कँडिनेव्हियात येतो का?

सह्यवेडा
काटेकोरपणे नाही, नॉर्डिक म्हणतात. पेला तोच.

अमृता_पुणे३०
सुरी घेणाऱ्यांसाठी: मोराच्या सुऱ्या सुंदर असतात, पण मोठ्या बॅगेतच टाका. आमच्या बाबांची हातातल्या बॅगेत राहिली आणि विमानतळावर ठेवून घेतली. अजून हळहळतात.

केतकी_स्टॉकहोम
अरेरे, काकांसाठी पुढच्या वेळी मी घेऊन येते 🙂
टॅक्सचं पण लिहिते. तिन्ही देशांत बहुतेक वस्तूंवर 25 टक्के कर. भारतात राहणाऱ्यांना त्यातला काही भाग परत मिळतो. दुकानातच पासपोर्ट दाखवून फॉर्म मागायचा, वस्तू न वापरता ठेवायची. स्वीडन-डेन्मार्कची खरेदी असेल तर युरोपियन युनियनमधून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर काम करायचं, म्हणजे फ्रँकफर्टहून मुंबईचं विमान असेल तर तिथे. नॉर्वे युनियनमधे नाही, त्यामुळे तिथलं नॉर्वे सोडतानाच.

पारिजात_ठाणे
केतकी, हे भाच्याला जसंच्या तसं पाठवलं. तो डिसेंबरमधे जातोय, तेव्हा काय बघावं?

केतकी_स्टॉकहोम
मग नाताळचा बाजार! स्कान्सेनचा 1903 पासून भरतो. गवताचे बोकड मिळतात, लाल फितीने बांधलेले, हलके. येव्ले शहरात 1966 पासून दरवर्षी प्रचंड मोठा गवताचा बोकड उभारतात आणि कितीतरी वेळा कुणीतरी तो जाळून टाकतं.

बोका_कोथरूड
बोकडांवर अन्याय. निषेध.

पारिजात_ठाणे
😂 भाच्याला लहानातला लहान बोकड आणायला सांगते. वेलचीचे बन पण आणता येतील का गं?

केतकी_स्टॉकहोम
दुसऱ्या दिवशी वाळतात ताई. कृती टाकते इथेच, मुलीला झोपवून.